पेशवाईत पंक्चर

विश्रांतीचा दिवस ही कल्पना पेन्शनर माणसाच्या गळी उतरवणं जरा कठीणच असतं. आठवड्याचे सातही दिवस सरकारनंच विश्रांतीला दिलेले, त्यातून आणखी एक वेगळा कुठून काढायचा? पण आमच्या सोसायटीतल्या सकाळच्या सायकल मंडळाचा तसा नियम आहे. सहा दिवस खडकवासल्याच्या रस्त्याला दामटायची आणि सोमवारी गुडघ्यांना सुट्टी. "सुट्टी म्हणजे सायकल चालवायचीच नाही असं नव्हे," हे आमचे अध्यक्ष (वय 76, दोन्ही गुडघे नवे) दर रविवारी बजावतात. "चालवायची. पण घाम येता कामा नये."

अशाच एका सोमवारी सकाळी पुतण्याचा फोटो आला. तो इटलीत फिरतोय. लुक्का नावाच्या जुन्या गावाच्या तटावर हा सायकल घेऊन उभा! चार किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा तट आहे म्हणे, सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला, वर दुतर्फा झाडं आणि माणसं खुशाल त्यावरून सायकली फिरवतायत. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "काका, असलं काही आपल्याकडे नाही."

पुणेकराला असलं वाक्य सकाळच्या चहाबरोबर पचत नाही. मी तिरीमिरीत सायकल बाहेर काढली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निघालाच आहात तर मंडईतून अळू आणा. काळ्या देठाचं बघून. आणि चिंच आहे घरात, ती आणू नका."

माणूस इतिहासाच्या शोधात निघाला तरी पिशवी हँडलला असतेच.

पहिला मुक्काम अर्थात शनिवारवाडा. तटावर सायकल चढवणं शक्य नव्हतं, म्हणून बाहेरून प्रदक्षिणा घातली. लुक्काच्या मानानं ती अंमळ लवकर आटोपते. मधे दोन रिक्षा, एक टँकर आणि शाळेची सहल आडवी आली म्हणून, नाहीतर आणखी लवकर आटोपली असती. थोरल्या बाजीरावानं 10 जानेवारी 1730 ला इथं पाया घातला, तो शनिवार. 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, तोही शनिवारच. खर्च आला 16,110 रुपये. हा आकडा मला शाळेपासून पाठ आहे. पण त्या सकाळी दिल्ली दरवाज्यातल्या हत्तीला अडवणाऱ्या खिळ्यांकडे बघताना एकदम लक्षात आलं, की पुतण्याची नवी सायकल शनिवारवाड्यापेक्षा महाग आहे. तेवढ्या पैशांत पेशव्यांनी दरवाजे, बुरूज, दिवाणखाने उठवले. याला नुसती दोन चाकं मिळाली, आणि स्टँड वेगळा घ्यावा लागला.

आत आता चौथरे आणि कारंज्यांच्या जागा. 1773 च्या ऑगस्टात नारायणरावाचा खून, 1817 च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचं निशाण, 1828 साली आग. या वाड्यातली पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांची पेशवाई आणि पुढच्या अकरा वर्षांत राख. सहलीतली मुलं मात्र "काका मला वाचवा" कुठं ऐकू येतं तेवढंच विचारत होती. मास्तरांनी "अमावास्येला" म्हणून सुटका करून घेतली.

लालमहालाशी फार थांबलो नाही. शिवाजीराजांचं बालपण ज्यात गेलं आणि 1663 च्या एप्रिलात शाहिस्तेखानाची बोटं ज्यात तुटली, तो महाल केव्हाच नाहीसा झाला. आज दिसतो तो 1980 नंतर बांधलेला. हात जोडून पुढं सरकलो.

खरी गोष्ट पुढं बुधवारात आहे. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथं मुलींची शाळा काढली. त्या वाटेनं जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण फेकलं, आणि त्या थांबल्या नाहीत. माझ्या आठवणीतला भिडेवाडा म्हणजे खाली दुकानं आणि वर पडका मजला. वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले, शेवटी डिसेंबर 2023 मध्ये वाडा पाडला, स्मारकासाठी. स्मारक होईल, चांगलंच होईल. पण माझी आजी चौथी शिकलेली होती आणि पोथीवर बोट ठेवून वाचायची, ते बोट कुठून सुरू झालं ते दाखवायला तो पडका जिना बरा होता. शनिवारवाड्याच्या निदान तटाला हात लावता येतो.

मंडईत अळू घेतलं. काळ्या देठाचं. या मंडईचीही एक गंमत आहे. ही अष्टकोनी, मनोऱ्याची इमारत 1886 साली झाली, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावानं 'रे मार्केट'. जोतिराव 1876 पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मार्केटवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं सांगून त्यांनी या बांधकामाला विरोध केला. आणि आज पाटी काय, तर 'महात्मा फुले मंडई'! ज्यानं नको म्हटलं त्याचंच नाव इमारतीला देऊन टाकायचं, म्हणजे वाद मिटला. ही युक्ती पुण्याखेरीज कुठं सुचली नसती.

मंडईवरून शुक्रवारात वळलो आणि मागचं चाक बसलं.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हा दर कोपऱ्यावर एक सायकलवाला असे. भाड्याच्या सायकली तासावर मिळत, मडगार्डवर नंबर रंगवलेला. आता बरंच ढकलल्यावर एका बोळात एक पोरगा सापडला, तोही मुख्यतः मोटारसायकलवाला. "बघू काका," म्हणून त्यानं ट्यूब काढली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे आले.

समोर रिकामा वेळ असला की पुणेकर माहिती सांगतो. मी म्हटलं, "तू बसलायस त्या भागात एक काळा हौद होता, माहितीय?"

"चौकाचं नाव आहे ना ते?"

"अरे, नाव उगाच पडतं का? पाण्याचा हौद. कात्रजच्या तलावातलं पाणी यायचं त्यात."

पोरानं कानस थांबवली. "कात्रजहून? पंप नव्हता तेव्हा."

हा प्रश्न इतका बरोबर होता की मी फुटपाथच्या कडेवर बसूनच घेतलं. नानासाहेब पेशव्यानं 1750 च्या सुमारास हे काम केलं. कात्रजला वर-खाली दोन तलाव. वरच्यात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढं निघायचं. तिथून पुण्यापर्यंत दहाएक किलोमीटर जमिनीखालून बांधीव नळ, काही ठिकाणी माणूस उभा चालेल एवढा उंच. साफसफाईसाठी आणि हवा खेळावी म्हणून मधे मधे उच्छ्वास. कात्रज उंचावर, पुणे खाली. उतार साधला की पाणी आपलं आपण येतं. शनिवारवाड्याची कारंजी या पाण्यावर आणि पेठांतले हौदही. पुढं नाना फडणवीसानं आंबेगावाहून आणखी एक नळ आणला.

"म्हणजे आपल्या खाली आहे तो?" पोरानं खाली रस्त्याकडे पाहिलं.

"काही भाग आहे. काही पाया खणताना फुटला."

तो चकतीला सोल्युशन लावत म्हणाला, "आमच्या गावाला टँकर येतो. बीडकडचा आहे मी."

त्यावर काय बोलणार? मी त्याला 12 जुलै 1961 सांगितला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी लकडी पुलावरून वाहिलं. लुक्कावाल्यांचं नशीब मोठं. 1812 साली सेर्कियो नदीला पूर आला तेव्हा त्यांनी तटाचे दरवाजे लावून घेतले आणि गाव वाचवलं. आमच्याकडे लावायला दरवाजेच नव्हते. नारायण पेठेतली मावशी तीन मुलं आणि एक देव्हारा घेऊन आमच्या दोन खोल्यांत आली. नदीभर पाणी आणि नळाला थेंब नाही. मग कुणीतरी म्हणालं, हौदावर जा. वडिलांची सायकल, मला सीटवरून पाय पोचायचा नाही, म्हणून नळीखालून पाय घालून चालवायचो. हँडलला दोन्हीकडे कळश्या. येताना अर्धं पाणी रस्त्यावर सांडायचं. आई काही बोलायची नाही. दुहेरी फडक्यातून गाळायची, उकळायची आणि पहिलं भांडं मावशीला द्यायची.

"पेशव्यांचं पाणी," पोरगा म्हणाला. मग हवा भरली, अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. "वीस रुपये द्या. ते तलाव आहेत का अजून?"

"आहेत की. कात्रजच्या बागेशेजारी. पाणी आता पिण्याजोगं नाही."

"रविवारी दुकान बंद असतं माझं."

"मला सोमवार बरा पडतो," मी म्हटलं.

त्यानं जरा विचार केला. "सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. पण चढ आहे काका तिकडं."

"घाम येऊ द्यायचा नाही," मी म्हटलं आणि अळूची पिशवी हँडलला अडकवली.