बार्शीची कर्करोग नोंदणी आणि ‘येते हं’ म्हणणारी बाई

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली 346 गावे. शहरात रुग्णालयाच्या कागदांवरून नोंद करता येते; इथे कित्येक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसत. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे असणाऱ्यांना तपासणीला पाठवू लागले. पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले.

अशा फिरतीत जे कळते ते फॉर्मवर मावत नाही. ‘येते हं’ म्हणणारी कोणती बाई येणार नाही, हे जुन्या कार्यकर्तीला ओळखू येते. कसे, ते मात्र तिला सांगता येत नाही.

संगणकाला नेमके तेच हवे असते. 2005 मध्ये भारतासह पाच देशांसाठी या कर्करोगाच्या तपासणीचे गणित संगणकावर मांडले गेले. पुन्हा बोलावल्यावर किती जणी गळतील, हेही त्यात धरावे लागले. हेलपाटे कमी असलेल्या पद्धतीच किफायतशीर ठरल्या. असा आकडा नोंदीत नसेल तर जाणकारांना विचारतात. ‘किती टक्के?’ म्हटले की गोल आकडा मिळतो. ‘शेवटची न आलेली बाई आठवा, काय झाले होते?’ असे विचारले तर बुडणारी मजुरी, चुकलेली एसटी, घरच्यांचा नकार असे सगळे निघते. (आम्ही डॉक्टरही हा प्रश्न क्वचितच विचारतो.)

बार्शीच्या रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. 1,31,746 स्त्रिया होत्या. एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या, काहीशा लहान गटात 64.