पीटर शार्डन ब्रुक्स
* पीटर शार्डन ब्रुक्स (१७६७–१८४९) : बोस्टनचा सागरी विमा व्यापारी. पाद्र्याचा मुलगा, १७८९च्या सुमारास विम्याच्या दलालीत पडला.

त्या काळी बोस्टनमध्ये विमा कंपनीपेक्षा माणसांच्या पतीवर चाले. दलालाच्या मेजावर जहाज, माल आणि मुक्कामाचे बंदर लिहिलेला कागद ठेवलेला असे. जोखीम पटली की व्यापारी त्याखाली रक्कम घालून सही करी. जहाज बुडाले, तर तेवढे पैसे पदरचे! १७९०च्या दशकात फ्रेंच जहाजे अमेरिकी गलबते धरू लागली, तसे विम्याचे दरही चढले.

१८०३मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने हा धंदा आवरता घेतला. आमच्या मते हाच त्याचा सर्वांत शहाणा निर्णय. इतिहासकार हेन्री ॲडम्स हा त्याच्या मुलीचा मुलगा.