मुक्या झालेल्या बोलक्या बाहुल्या (थ्रेड)

१/ साडेअकरा इंचांची बाहुली. पाठीवर, मानेखाली, दोरीला बांधलेली एक छोटी कडी. कडी ओढून सोडली की बाहुली विचारते, प्रॉमला काय घालू? अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९६८ साली ही ‘टॉकिंग बार्बी’ बाजारात आणली. आज संग्राहकांच्या कपाटांत असलेल्या अशा बहुतेक बाहुल्या मुक्या आहेत.

२/ कल्पना जुनीच होती. एडिसनने १८९० मध्ये पोटात फोनोग्राफ असलेली बाहुली विकायला काढली. मेणावरील ध्वनिमुद्रण लवकर झिजे, आणि काही आठवड्यांतच विक्री थांबली. मॅटेलची ‘चॅटी कॅथी’ १९६० च्या सुमारास दोरीवर बोलू लागली, पण ती अंगाने चांगली थोराड होती. बार्बीच्या बोटभर कमरेच्या धडात तसेच यंत्र बसवणे, ही खरी कसोटी होती.

३/ दोरी ओढली की स्प्रिंगला पीळ बसतो. तो उलगडताना एक इवली तबकडी फिरते आणि सुई तिच्यावरील खोबणीतून आवाज उचलते. खोबणी अनेक असतात. सुई जिच्यात पडेल ते वाक्य ऐकू येते. म्हणून बाहुली पुढे काय बोलेल हे मुलीला आधी कळत नसे, आणि निम्मी गंमत त्यातच होती.

४/ या यंत्रातील सर्वांत दुबळा भाग म्हणजे गती पोहोचवणारा रबरी पट्टा. काही दशकांत रबर चिकट होऊन विरघळते किंवा तुटते. मग दोरी अर्धवट बाहेर लोंबते, आतून नुसती घरघर येते, किंवा काहीच येत नाही. दुसरे दुखणे कमरेचे : तेथील कठीण प्लास्टिक तडकते आणि पाय गळून पडतात.

५/ या दोषांची सर्वांत मोठी किंमत क्रिस्टीने मोजली. १९६७ ची ‘कलर्ड फ्रॅन्सी’ म्हणजे गोऱ्या बाहुलीच्याच साच्यातून काढलेली सावळी प्रत होती. क्रिस्टी मात्र स्वतंत्र नावाची, बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण. आणि १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी, ती आली तीच बोलत. आज तिचा आवाज सहसा गेलेला असतो. शिवाय मुळातले गडद तपकिरी केस हवेशी होणाऱ्या क्रियेने तांबूस झालेले असतात. नवखा संग्राहक तोच मूळ रंग समजतो. साधन स्वतःच खोटी साक्ष देऊ लागते, ते असे.

६/ दुरुस्ती शक्य आहे, पण धडाचे दोन अर्धे कारखान्यातच चिकटवलेले असतात. पट्टा बदलायचा तर जोड कापावा लागतो. काही संग्राहकांना हा अपराध वाटतो. परंतु न उघडलेले मुके धड जपून ठेवले, तर जपले नेमके काय? जिची वाक्ये अजून ऐकू येतात, तिचे ध्वनिमुद्रण आधी करून ठेवावे, हे उत्तम.

७/ २०११ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एडिसनच्या बाहुलीसाठी १८८८ मध्ये बनवलेल्या कथलाच्या नळकांड्यावरचा आवाज सुई न टेकवता, केवळ प्रकाशाने पृष्ठभाग मोजून परत मिळवला : बालगीत म्हणणारी एक स्त्री. क्रिस्टीच्या तबकडीवर असा प्रयोग करायचा, तरी आधी धड उघडावेच लागेल.