बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर मोठी फॅमिली गाडी घेताय? ताकद, मायलेज आणि सेफ्टीचं गणित समजून घ्या

सात सीटची गाडी घ्यायची म्हटलं की बारामती-इंदापूर भागात नावं ठरलेली असतात. स्कॉर्पिओ-एन, सफारी, एक्सयूव्ही ७००, इनोव्हा आणि बजेट असेल तर फॉर्च्युनर. पण एकच गाडी तिन्ही बाबतीत पुढे असेल, असं होत नाही.

ओढण्याची ताकद

ओढण्याची ताकद कळते ती टॉर्कवरून. सफारीच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे. स्कॉर्पिओ-एनच्या जास्त ताकदीच्या डिझेल इंजिनाचा मॅन्युअलमध्ये ३७०, तर ऑटोमॅटिकमध्ये ४०० आहे. फॉर्च्युनर डिझेल ऑटोमॅटिकचा ५००.

दुसरा मुद्दा चासीचा. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा यांची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली असते. ओढण्याच्या कामाला ही रचना जास्त सोसते. सफारी, एक्सयूव्ही ७०० आणि इनोव्हा हायक्रॉस यांना वेगळी चासी नसते.

तरीही कोणत्याही गाडीला बाहेरून हुक वेल्ड करून ट्रॉली जोडू नका. आधी कंपनीचं मॅन्युअल बघा. ट्रेलरची नोंदणीही वेगळी करावी लागते. बंद पडलेली गाडी ओढायची असेल, तर दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा.

मायलेज

कंपनीच्या दाव्यानुसार सफारी डिझेल मॅन्युअल लिटरला १६.३० किलोमीटर देते, ऑटोमॅटिक १४.५०. पेट्रोलवर चालणाऱ्या हायक्रॉस हायब्रिडचा आकडा २३.२४ आहे.

समजा, महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणं आहे. दाव्याप्रमाणे सफारी मॅन्युअलला सुमारे ९२ लिटर डिझेल लागेल आणि हायक्रॉसला सुमारे ६५ लिटर पेट्रोल. पेट्रोल महाग असलं, तरी फरक उरतोच. मात्र हे आकडे चाचणीतले आहेत. सात माणसं, सामान आणि एसी सुरू असेल, तर मायलेज कमीच मिळणार.

सेफ्टी

इथे स्टार बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगळे बघा. ग्लोबल एनकॅपच्या २०२२ च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी ५ स्टार मिळाले, पण मुलांसाठी ३. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ५ आणि ४. भारत एनकॅपमध्ये सफारीला २०२३ मध्ये आणि हायक्रॉसला २०२५ मध्ये दोन्हींत ५ स्टार मिळाले. गावाकडे भरपूर दिसणाऱ्या बोलेरो निओला मात्र २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने दोन्हींत १ स्टार दिला.

पण स्टार सगळं सांगत नाहीत. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते आणि धडक बोनेटच्या उंचीवर बसते. आपल्याकडे गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. मागे लाईट किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर गाडी आदळली, तर बोनेट खाली घुसतं आणि ट्रॉलीचा मागचा भाग थेट काचेवर येतो. अशा वेळी ५ स्टारचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून हंगामात पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग असो की पुणे-सोलापूर हायवे, रात्री वेग कमी ठेवणं हीच खरी सेफ्टी.

मागच्या सीटवरही बेल्ट लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं तपासात समोर आलं.

मग कोणती घ्यायची?

शेतरस्ता आणि ताकद महत्त्वाची असेल, तर स्कॉर्पिओ-एन. लहान मुलं असतील, तर सफारी किंवा हायक्रॉस. रोजचं फिरणं जास्त असेल, तर हायक्रॉस. ट्रॉली ओढायचं काम मात्र ट्रॅक्टरलाच करू द्या. घरच्या गाडीने घरच्यांना सुखरूप आणावं, एवढं पुरे.