हकिमांना कळलेले दिल

'टेन्शन घेऊ नकोस, हार्टला त्रास होईल,' असे आपल्या घरांत सर्रास म्हटले जाते. पण त्याच घरात कुणी महिनोन्‌महिने उदास असेल तर 'ईमान कमजोर झालंय' एवढ्यावर विषय मिटवतात. मला हे खटकते, कारण मुस्लिम वैद्यकाचा इतिहास वेगळे सांगतो.

अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) हे आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख परिसरातले. बगदादला जाऊन ते अल-किंदींकडे शिकले. त्यांच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथाचा पहिला भाग शरीरावर आहे आणि दुसरा मनावर. राग, भीती, दुःख आणि वसवसा यांचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. दुःखाचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते, दुसऱ्याचे सापडत नाही. या दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले. शरीर आणि मन एकमेकांना आजारी पाडतात, ही त्यांची मुख्य मांडणी.

पुढे इब्न सिना (मृत्यू 1037) यांनी हृदयाच्या औषधांवर वेगळी पुस्तिका लिहिली आणि तिच्यात आनंद व दुःखाचीही चर्चा केली. 'अल-कानून'मध्ये ते प्रेमाने झुरणाऱ्या रुग्णाची परीक्षा सांगतात. नाडीवर बोट ठेवून एकेक नाव घ्यायचे. ज्या नावाला नाडी बदलेल, तिथे दुखणे. मनातली गोष्ट हृदयाच्या ठोक्यात उमटते, हे त्यांनी उपचारासाठी वापरले.

आधुनिक वैद्यक आपल्या वाटेने याच ठिकाणी आले. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी 'ताकोत्सुबो' या विकाराची नोंद केली. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो. लक्षणे हार्ट अटॅकची, पण हे घडायला रक्तवाहिनीत अडथळा लागत नाही. 2004 मध्ये मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅकच्या नऊ प्रमुख घटकांत धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्यासोबत मानसिक ताण आणि नैराश्यही होते.

कारणे समजण्यासारखी आहेत. सततच्या चिंतेने अॅड्रेनालिन वाढते, ठोके व रक्तदाब चढतात. नैराश्यात माणूस चालणे सोडतो, गोळ्या चुकवतो, सिगारेट वाढवतो. हार्ट अटॅकनंतर नैराश्य आलेल्यांना पुढचा धोकाही जास्त असतो.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. छातीत दुखले तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून घरी थांबू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि अँजिओप्लास्टी करून आलेले अब्बा गप्प गप्प राहत असतील, झोपत नसतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. नमाजने दिलाला सुकून मिळतो, दुआ जरूर करावी. पण त्यासाठी इलाज थांबवायला आपल्या हकिमांनी शिकवलेले नाही. बल्खींनी हजार वर्षांपूर्वी उदासीला आजारांत जागा दिली होती. तिला गुन्हा आपण ठरवले.