पाचशे वॉनची जुनी नोट

१२. पाचशे वॉनची नोट : मजकुरात ‘बाद झालेली’ असा शब्द आला आहे, तो शब्दशः घेऊ नये. 1982मध्ये पाचशेचे नाणे निघाले आणि ही नोट हळूहळू चलनातून दिसेनाशी झाली. पण बँक ऑफ कोरिया आजही तिचे दर्शनी किमतीइतके पैसे देते. 2016ची नोटाबंदी अनुभवलेल्या आपल्या वाचकाला हे पटायला जरा वेळ लागेल. खरोखर रद्द झाल्या त्या त्याआधीच्या ‘ह्वान’ नोटा. जून 1962मध्ये दहा ह्वानचा एक वॉन झाला.

पाचशेच्या नोटेवर 1966मध्ये पुढे सोलचा नामदेमुन दरवाजा आणि मागे कासव-नौका होती; 1973मध्ये या नौकेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नौसेनापती यी सुन-शिन स्वतःच दर्शनी बाजूला आले. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जु-युंग यांनी 1971मध्ये जहाजबांधणीसाठी कर्ज उभारताना इंग्लंडमध्ये नोटेवरची हीच कासव-नौका दाखवली, असे सांगतात. तेव्हा त्यांच्या हातातली नोट 1966ची, म्हणजे सेनापतींचे चित्र नसलेली असणार. पुष्कळ लेखनात इथे गफलत होते. बँकेत बदलून घेताना फाटकी नोट तीन-चतुर्थांश किंवा अधिक शाबूत असेल तर पूर्ण रक्कम मिळते, दोन-पंचमांश किंवा अधिक पण तीन-चतुर्थांशापेक्षा कमी असेल तर निम्मी. — संपा.