हार, मानपत्र आणि कप्तानपद

वाचकहो, मी काही लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याशीच माझा संबंध. पण स्मरणिका समितीने यंदा पुन्हा "काहीतरी लिहाच" असा आग्रह केला आणि नाही म्हणता आले नाही. त्यातून गेल्या वर्षी एक प्रसंग घडला, तो मनातून जात नव्हता. त्यामुळे लिहायचे ते त्याबद्दलच लिहावे असे ठरवले.

आमचा एक हौशी क्रिकेट क्लब आहे. रेल्वेतले दहा-बारा सहकारी, दोन-तीन बँकवाले, एक शाळामास्तर, आणि आपल्या मंडळातलीही काही मंडळी. नोव्हेंबर ते मे दर रविवारी सकाळी खेळतो. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्याआधीची कामे अंगावर येण्यापूर्वी, आमचा बक्षीस समारंभ होतो. उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, उत्कृष्ट झेल, आणि सर्वांत जास्त वेळा शून्यावर बाद होणाऱ्याला एक भोपळा! (हा मान मी दोनदा मिळवला आहे.) नंतर भाषणे आणि जेवण.

गेल्या वर्षी कार्याध्यक्ष म्हणून मी एक नवीन गोष्ट केली. आमच्या मैदानाची देखभाल करणारा एक मुलगा आहे. कलबुर्गीकडचा, वय तेवीस-चोवीस. सगळे त्याला 'तम्मा' म्हणतात. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. पहाटे येऊन तो रोलर फिरवतो, चुन्याच्या रेषा मारतो, नेट बांधतो, आणि आम्ही सरावाला आलो की आम्हाला तासन् तास चेंडू टाकतो. त्याची डावखुरी फिरकी आमच्यातल्या एकालाही नीट खेळता येत नाही. त्या दिवशी मी त्याला व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ आणि पाकीट दिले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, मलाही फार बरे वाटले.

जेवणाच्या वेळी सहज मागे पाहिले. आमची टेबले आत मांडली होती. तम्मा मात्र बाहेर, टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर कागदी ताटलीत जेवत होता. खांद्यावर शाल तशीच होती. कोणी त्याला बाहेर बस म्हटले नव्हते. आत ये असेही कोणी म्हटले नव्हते. मीसुद्धा नाही.

घरी आलो आणि कपाटातून एक पुस्तक काढले. आपल्याच बेंगळुरूत राहणारे इतिहासकार रामचंद्र गुहा यांचे 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड', २००२ साली प्रसिद्ध झालेले. त्यात बाळू पालवणकरांची हकिकत आहे. पूर्वी वाचली होती, पण त्या रात्री पुन्हा वाचताना ती वेगळी लागली. तीच थोडक्यात आपल्यापुढे ठेवतो.

धारवाडचा मुलगा, पुण्याचे मैदान

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास आपल्या या कर्नाटकातल्याच धारवाडला झाला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार, वडील सैन्याच्या चाकरीत. पुढे कुटुंब पुण्याला आले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल, चौघेही क्रिकेट खेळले आणि चौघांनीही नाव काढले.

बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या मैदानावर. झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एक रुपयाने वाढला, काम तेच. तिथे कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा निष्णात फलंदाज होता. सकाळी इतरांच्या आधी येऊन तो तासभर बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरेखोटे काहीही असो, बाळूंची डावखुरी मंदगती फिरकी त्या सकाळीच घडली. मात्र इतकी वर्षे शेकडो तास गोलंदाजी करूनही साहेबांच्या त्या क्लबात त्यांच्या हातात बॅट एकदाही आली नाही. चेंडू टाकणे हे गड्याचे काम आणि बॅट धरणे हा साहेबाचा मान!

काळ लक्षात घ्या. याच पुण्यात १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला सुरुवात झाली. गल्लोगल्ली मांडव उभे राहत होते, लोक एकत्र येत होते. आणि त्याच वर्षांत त्याच गावातल्या हिंदू क्लबात वाद चालला होता, की या चांभाराच्या पोराला संघात घ्यायचे की नाही. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. ग्रेगनेही बाळूंच्या बाजूने मत दिले. अखेर त्यांना घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे तर गोलंदाज हवा होता.

पण घेतले कसे? मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात ते घेऊन येई.

आणि कौतुक? तेही भरपूर झाले बरे! साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला पुण्याच्या संघाने त्यांच्याच मैदानावर हरवले, त्यात बाळूंनी सात बळी घेतले. त्यानंतरच्या जाहीर समारंभांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोरांनी त्यांचा गौरव केला. हार मिळाला, टाळ्या मिळाल्या. चहाचा कप मात्र बाहेरच.

मुंबई, विलायत आणि मानपत्र

पुण्यात प्लेग आला आणि त्या सुमारास बाळू मुंबईला आले. तिथे ते रेल्वेच्या नोकरीत लागले आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. आपल्या खात्याच्या मंडळींनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे! परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना काही सभासदांच्या विरोधावर मात करूनच प्रवेश मिळाला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे बळी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच. त्यांच्या बरोबर शिवरामही खेळले. एव्हाना मुंबईत या भावांना इतरांबरोबर पंक्तीला बसता येत होते. बदल झाला होता, तो मैदानावरच्या खेळामुळे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ प्रथमच विलायतेला गेला. संघाची कामगिरी बेताची झाली, पण पस्तिशी उलटलेल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. दुखऱ्या खांद्याने केलेली ही कामगिरी आहे. ते परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. एका क्रिकेटपटूचे मानपत्र हे बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनातल्या अगदी पहिल्या पावलांपैकी एक असावे, याचे मला फार नवल वाटते. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. असो. तो वेगळा विषय आहे.

न मिळालेले बक्षीस

आता मुख्य मुद्दा. हार झाले, मानपत्र झाले, पण बाळूंना कप्तान कोणी केले नाही. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने सुरू झाले. संघातला सर्वांत अनुभवी खेळाडू बाळूच. तरी दर वर्षी कप्तानपद दुसऱ्याकडे जाई.

१९१३ साली कप्तानपद एम. डी. पै यांना मिळाले. त्यांच्या ज्ञातीच्या लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराला उत्तर देताना पै म्हणाले, की हा मान खरे तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. स्वतःच्या सत्कारात उभे राहून असे बोलायला केवढे धैर्य लागते, ते आपण सगळे जाणतो. आपल्यातले बहुतेक जण अशा वेळी "आपल्या आशीर्वादाने" म्हणून खाली बसतात.

१९२० साली पै आजारी होते. तेव्हा कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले गेले. देवधर मोठेच खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण पालवणकर बंधूंच्या ज्येष्ठतेचा विचार झाला नाही म्हणून शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. गावात चर्चा झाली, निवडकर्त्यांना नमते घ्यावे लागले. पुढच्या सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकप्तान झाले. सामना चालू असताना पै मुद्दाम काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती दिला. तेव्हा बाळू पंचेचाळिशीच्या घरात होते. त्यांच्या वाट्याला आलेले कप्तानपद एवढेच.

शेवटी १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल चार वर्षे कप्तान होते, त्यांपैकी १९२३, १९२५ आणि १९२६ अशी तीन वर्षे विजेतेपद मिळाले. त्यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले म्हणून यातले पुष्कळ आज आपल्याला माहीत आहे. बाळू १९५५ साली मुंबईत वारले. प्रथम दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी एवढा त्यांचा हिशोब. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. त्यांना तो फार उशिरा पडला.

आमचा हिशोब

रुळांच्या कामात एक गोष्ट शिकलो. नवीन रूळ टाकण्याचा समारंभ एका दिवसाचा, फीत कापली की झाले. गाडी मात्र रोज चालणाऱ्या देखभालीवर चालते. माणसाच्या मानाचेही तसेच आहे. शाल देणे सोपे असते, कारण ती देताना आपण व्यासपीठावर असतो आणि तो माणूस एक पायरी खाली. शेजारची खुर्ची देताना दोघांना एकाच उंचीवर बसावे लागते.

आपण मराठी माणसे या शहरात बाहेरून आलो. कोणी दोन पिढ्यांपूर्वी, कोणी माझ्यासारखा बदलीवर. सुरुवातीला भाषा येत नव्हती तेव्हा इथल्या सहकाऱ्यांनी आपल्या डब्यातले पुढे केले, हे मी विसरू शकत नाही. मग आपल्या क्लबात बाहेर उभे कोण आहे, हे मला एवढ्या उशिरा का दिसावे? पुस्तक आधी वाचलेले असूनही?

जूनमधल्या क्लबच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. एक, तम्माला खेळाडू म्हणून नोंदवायचे. दोन, त्याच्या कामाचा पगार वेगळा आणि वेळेवर द्यायचा, म्हणजे खेळायला मिळाले म्हणून पगार बुडाला असे होऊ नये. दुसरी गोष्ट लगेच मान्य झाली. पहिलीवर तासभर चर्चा चालली. "मग पिच कोण बघणार?", "सभासदांच्या जागा जातील", "त्यालाच अवघडल्यासारखे होईल". जातीचा उल्लेख कोणी केला नाही, तशी आमची माणसे वाईट नाहीत. पण पुण्यातल्या त्या जुन्या बैठकीत याहून फार वेगळे काही बोलले गेले असेल असे मला वाटत नाही. शेवटी शाळामास्तरांनी हात वर केला, मग एकेकाचे हात वर गेले. ठराव दोन मतांनी पास झाला.

तम्मा आमच्याकडून नऊ सामने खेळला. मे महिन्यात उत्कृष्ट गोलंदाजाचा चषक त्यालाच मिळाला, तो कोणी मेहेरबानीने दिला नाही, बळींची वही समोर होती. जेवताना तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "सर, मला बॅटिंगला अकरावा पाठवता, जरा वर पाठवून बघा ना." मी हसलो, पण मनात चपापलो. बॅट अजून आम्हीच धरून बसलो आहोत!

येत्या नोव्हेंबरात नवा कप्तान निवडायचा आहे. माझे मत ठरले आहे, बाकीच्यांचे माहीत नाही.

बाप्पाच्या मांडवातही सजावट करणारे, विजेचे काम करणारे, भांडी घासणारे असे अनेक हात असतात. यंदा महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीत त्यांची पाने आपल्या शेजारी असावीत, एवढीच समितीला नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!